मोकळ्या रानातली तिरंदाजीची रेंज: पहिल्यांदा जाताना काय बघावं

साताऱ्याजवळच्या एका गावातून एका वडिलांनी विचारलं आहे: "माझी मुलगी सातवीत आहे, तिला तिरंदाजी शिकायची आहे. घरापासून थोड्या अंतरावर एक रेंज आहे, पण ती म्हणजे नुसतं मोकळं रान. एक पत्र्याचं शेड, समोर पाच-सहा टार्गेट, कुंपण नाही, नळ नाही, बाजूला ऊस. तिथे न्यावं का, की थांबून पुढे पुण्यात चांगल्या ठिकाणी घालावं? न्यायचंच झालं तर काय बघायचं, सोबत काय घ्यायचं, आणि धनुष्य आधी विकत घ्यावं का?"

मी याच भागात मुलांना तिरंदाजी शिकवते. असा प्रश्न घेऊन बरेच पालक येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. नळ नाही, शेड पत्र्याचं आहे, बसायला खुर्च्या नाहीत, ही गैरसोय झाली. कुंपण नाही आणि बाजूला ऊस आहे, हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. गैरसोय पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन निभावता येते. सुरक्षितता मात्र तिथे गेल्यावर तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघायची आहे, आणि ती इमारतीवरून कळत नाही. टार्गेटच्या मागे काय आहे, शिट्टी कोणाच्या हातात आहे आणि बाण परत आणायला मुलं कशी जातात, यावरून ती कळते. या तीन गोष्टी जागेवर असतील तर बिनधास्त न्या. त्यातली एक जरी ढिली असेल, तर वर कितीही चांगलं छप्पर असू दे, नेऊ नका.

साधं रान म्हणजे दुय्यम दर्जाचं शिक्षण, ही समजूत निदान आपल्या जिल्ह्यात तरी कोणी बाळगू नये. साताऱ्याच्या अदिती स्वामीने 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं तेव्हा ती 17 वर्षांची होती. अंतिम फेरीत 150 पैकी 149 गुण. तिचा सराव साताऱ्यातच, उसाच्या शेतात तयार केलेल्या मैदानावर झाला. त्याच स्पर्धेत पुरुषांचं विजेतेपद मिळवणारा ओजस देवतळे मूळचा नागपूरचा, पण सरावासाठी साताऱ्यात येऊन राहिला. त्याच्याही आधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला होता. तिरंदाजीच्या मोठ्या मैदानी स्पर्धा उघड्यावरच होतात. वारा, ऊन, मध्येच आलेलं ढग, हे सगळं खेळाचाच भाग असतं. त्यामुळे मोकळ्या रानात शिकलेल्या मुलीचं यात काही वाया जात नाही.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे त्याकडे येते.

बंदूक नाही म्हटल्यावर लोक निर्धास्त होतात. बाण दिसतो, त्याचा आवाज होत नाही, म्हणून तो कमी धोक्याचा वाटतो. पण मुलांच्या हलक्या धनुष्यातूनसुद्धा चुकून वर सुटलेला बाण शंभर मीटरच्या पुढे सहज जातो. मोठ्यांच्या कंपाउंडची तर गोष्टच वेगळी. म्हणून पहिल्या दिवशी लाइनवर, म्हणजे जिथून बाण सोडतात त्या रेषेवर, उभं राहून टार्गेटकडे न बघता टार्गेटच्या मागे बघा. मातीचा उंच बांध, डोंगराचा उतार किंवा लांबवर रिकामं पडीक रान असेल तर ठीक. जाळी असेल तर ती घट्ट ताणलेली नको, वरून सैल सोडलेली हवी. तिच्यात बाणाचा जोर मरतो. मागून पायवाट जात असेल, शेळ्या चरायला येत असतील, पलीकडे विहिरीवर कोणी पाण्याला येत असेल, तर तिथे असलेल्या प्रशिक्षकांना सरळ विचारा: "सराव चालू असताना हा रस्ता कोण बंद करतं?" याचं उत्तर चटकन आलं पाहिजे. लाल झेंडा लावतो, दोरी बांधतो, एक मोठा मुलगा उभा करतो, काहीही चालेल. "इकडे कोणी येत नाही" हे उत्तर मला चालत नाही. आपल्याकडे रानात माणूस कुठून आणि कधी येईल ते सांगता येत नाही.

नेम चुकण्याची शक्यता नवशिक्यांची जास्त, म्हणून त्यांचं टार्गेट जवळ हवं. तुमच्या मुलीला पहिले काही आठवडे पाच ते दहा मीटरवर, मोठ्या कागदावर नेम धरायला लावला तर तो वेळकाढूपणा समजू नका. ऑलिंपिकमधला रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, चाकं नसलेलं धनुष्य) 70 मीटरवर असतो, तिथला कागद 122 सेंटिमीटरचा आणि मधलं दहाचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचं. तिथे पोहोचायला वर्षं लागतात. पण एक बारकाई बघा: जवळची आणि लांबची टार्गेट असतील तर सगळ्यांची उभं राहायची रेषा एकच हवी, टार्गेट पुढेमागे असलेली चालतात. काही ठिकाणी उलट करतात. टार्गेट एका ओळीत ठेवतात आणि लहान मुलांना पुढे जाऊन उभं करतात. म्हणजे मोठ्यांचे बाण लहानांच्या बाजूने जातात. असं दिसलं तर तिथून मुलीला घेऊन परत या. यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही.

शिट्टीबद्दल. नियम साधारण सगळीकडे सारखे आहेत. दोन शिट्ट्या झाल्या की खेळाडू लाइनवर येतात, एक झाली की बाण सोडायला सुरुवात, तीन झाल्या की बाण आणायला जायचं. लागोपाठ पाच किंवा त्याहून जास्त वाजल्या की सगळं जागच्या जागी थांबवायचं, दोरी ओढलेली असली तरी बाण न सोडता हळूच परत आणायची. साध्या रेंजवर शिट्टी नसेल, तोंडाने ओरडत असतील, तरी हरकत नाही. पण हुकूम एकाच माणसाचा हवा आणि सगळ्यांनी तो एका वेळी पाळायला हवा. "माझे दोन बाण राहिलेत, तू जा तोवर" हे वाक्य ज्या रेंजवर ऐकू येतं ती रेंज मला नको. थांबवण्याचा अधिकार मात्र सगळ्यांचा असतो. टार्गेटच्या मागे कुत्रं दिसलं तरी बघायला आलेल्या आईनेसुद्धा "थांबा" म्हणून ओरडावं. आमच्याकडे चुकून ओरडलेल्या मुलाला कधी कोणी बोलत नाही.

बाण काढताना होणाऱ्या इजा बाण मारताना होणाऱ्या इजांपेक्षा जास्त बघायला मिळतात, आणि त्याबद्दल पालकांना कोणी सांगत नाही. टार्गेटमध्ये रुतलेल्या बाणाचं मागचं टोक बरोबर लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर येतं. म्हणून टार्गेटकडे पळत जायचं नाही, चालत जायचं, आणि समोरून न जाता बाजूने जायचं. बाण काढताना एक हात कागदावर बाणाच्या मुळाशी टेकवायचा, दुसऱ्या हाताने बाण सरळ मागे ओढायचा, वाकवायचा नाही. त्या वेळी मागे कोणी उभं नसल्याची खात्री आधी करायची. अडकलेला बाण एकदम सुटतो आणि मागच्याच्या पोटात किंवा चेहऱ्यावर बसतो. बाण टार्गेटच्या मागे गेला असेल तर शोधणारा दिसेनासा होतो. म्हणून एकाने टार्गेटच्या समोर उभं राहायचं किंवा धनुष्य टार्गेटला टेकवून ठेवायचं, म्हणजे लाइनवरच्यांना कळतं की मागे माणूस आहे. पहिल्या दिवशी शेडमध्ये बसून मुलांची ही पाच मिनिटं नीट बघा. शिकवणारा कसा आहे, ते तिथे कळतं.

आता उसाचं. हे मला जरा जास्तच सांगायचं आहे, कारण आपल्या भागातल्या बहुतेक रेंज शेजारच्या शेतकऱ्याच्या भल्या मनावर चालतात.

चुकलेला बाण उसात गेला की मुलं दोन मिनिटं शोधतात आणि सोडून देतात. कार्बनचा बाण काळा असतो, पाचटात दिसत नाही. दिवाळीनंतर तोडी सुरू होतात, तोडकरी मंडळी साध्या चपलांवर त्या सरीत उतरतात. कार्बन मोडला की त्याच्या बारीक, धारदार सुया होतात. त्या कातडीत शिरल्या की काढता निघत नाहीत. आणि त्याहून वाईट म्हणजे वाढं. उसाचे शेंडे जनावरांपुढे जातात, त्यात बाणाचा तुकडा गेला तर गाय-म्हैस ते खाऊन बसते. शेतकऱ्याने एकदा हे अनुभवलं की रेंज बंद होते, आणि त्याचं काही चुकत नाही. म्हणून चांगल्या रेंजवर प्रत्येक मुलाचे बाण मोजलेले असतात, त्यावर नाव किंवा खूण असते, आणि एक जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. शोधायची पद्धतही असते: सगळ्यांनी टार्गेटच्या मागे एका ओळीत उभं राहायचं, हातभर अंतर ठेवायचं आणि गवत काठीने बाजूला करत पुढे सरकायचं. जमिनीत आडवा घुसलेला बाण पायाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. काही ठिकाणी धातू शोधायचं यंत्र ठेवतात, बाणाचं टोक धातूचं असल्यामुळे ते उपयोगी पडतं. पिसं आणि नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची दोरीत बसणारी खाच) भडक रंगाचे घ्यायला सांगतात तेही याचसाठी. काठीचा दुसरा उपयोग तुम्हाला सांगायला नकोच. आपल्या भागात घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत, गवतात सरळ हात घालायचा नाही.

तुम्ही ज्या रेंजबद्दल लिहिलंय तिथे गेल्यावर त्या शेतमालकाशी दोन शब्द बोला. तो हसून बोलला तर समजा रेंज नीट चालली आहे.

सोबत काय न्यायचं, ते थोडक्यात. पुढून बंद बूट, चप्पल किंवा सँडल नको. जमिनीत घुसलेल्या बाणाला अडखळून पाय फाटतो. अंगासरशी बसणारा टी-शर्ट किंवा कुर्ता, सैल बाही आणि ओढणी नको. केस घट्ट बांधलेले, गळ्यातली साखळी आणि लोंबते कानातले घरी काढून ठेवलेले. दोरी सुटताना ती छातीजवळून आणि गालाजवळून जाते, मध्ये आलेलं काहीही ओढून नेते. टोपी न्या, पण मोठ्या कडेची नको, तीही दोरीला लागते. पाणी भरपूर, गूळ-शेंगदाणे किंवा केळं, एक चटई. चिकटपट्टी, कापूस आणि जखमेवर लावायचं औषध, आणि मुलीचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं आहे ना ते बघून घ्या. आर्मगार्ड (धनुष्य धरलेल्या हाताला बांधायचा पट्टा) आणि बोटांना लावायचा टॅब पहिल्या दिवशी रेंजवर मिळतो, तरी फोन करून विचारा. आर्मगार्डशिवाय दोरी कोपराच्या आतल्या बाजूला बसली की काळंनिळं होतं आणि मूल पुढच्या वेळी हात आखडतं. ती भीती घालवायला महिने जातात.

मुलीसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायला लाजू नका. शेजारच्या घराची सोय असेल, जवळच्या शाळेची किल्ली ठेवलेली असेल. काहीच नसेल तर मुली पाणी प्यायचं टाळतात आणि उन्हात चक्कर येऊन बसतात, हे मी पाहिलंय. पाण्यापेक्षा ही सोय मला जास्त महत्त्वाची वाटते. सुरुवातीचे काही महिने आई, वडील किंवा घरातलं कोणीतरी तिथे बसलेलं असावं. पालक बसलेले ज्या प्रशिक्षकाला चालत नाहीत, तिथे मी मुलीला पाठवणार नाही.

वेळ कोणती, हे रेंज कुठल्या दिशेला आहे त्यावर आहे. लाइन दक्षिणेला आणि टार्गेट उत्तरेला असेल तर उत्तम, ऊन डोळ्यावर येत नाही. टार्गेट पूर्वेला असेल तर सकाळी जाऊ नका, पश्चिमेला असेल तर संध्याकाळी. एप्रिल-मेमध्ये साडेसहा ते नऊ एवढंच. पावसाळ्यात पश्चिमेकडून घाट चढून येणारं वारं चाळकेवाडीच्या पवनचक्क्या फिरवतं, तेच आपल्या रेंजवरही येतं. हलक्या धनुष्याचा बाण त्यात टिकत नाही. नवीन मुलीला जून-जुलैमध्ये सुरू करू नका, नेम वाऱ्यामुळे चुकला की आपल्यामुळे, हे तिला कळणार नाही. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या आसपास सुरुवात करा. माण-खटावच्या बाजूला पाऊस कमी असल्यामुळे तिथे हे गणित थोडं बदलतं.

पहिल्या भेटीत तिच्या हातात धनुष्य येईलच असं धरून चालू नका. मी स्वतः पहिल्या दिवशी मुलांना बसवते, बाण गोळा करायला नेते, रबराचा पट्टा ओढायला लावते. कुठला डोळा प्रबळ आहे तेही बघते. दोन्ही हात पुढे करून अंगठे आणि बोटांमध्ये छोटं छिद्र करायचं, त्यातून लांबची एखादी खूण बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला खूण दिसत राहते तो प्रबळ. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलीचा डावा डोळा प्रबळ निघाला तर डाव्या हाताने दोरी ओढायला शिकवायचं का, हा निर्णय प्रशिक्षकाने मुलीला बघून घ्यायचा असतो. म्हणूनच धनुष्य आधी घेऊ नका असं मी सांगते. उजव्या हाताचं धनुष्य डाव्याला चालत नाही.

दुसरं कारण वजनाचं. धनुष्याचं वजन म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारी ताकद, ती पौंडात मोजतात. सातवीतल्या मुलीला साधारण 14 ते 20 पौंडांतलं धनुष्य पुरतं. नेमकं किती ते तिच्या खांद्यावर आणि उंचीवर आहे. दोरी ओढून हनुवटीपाशी आणली, पाच-सहा सेकंद धरली आणि हात थरथरला नाही, तर ते वजन तिचं. थरथरला तर कमी करा. दुकानात "मुलगी वाढेल, थोडं जास्तच घ्या" असं सांगतात. शाळेच्या गणवेशाला ते चालतं, धनुष्याला नाही. जड धनुष्याने खांदा दुखावतो आणि चुकीची सवय लागते. सहा महिन्यांत ताकद वाढली की वजन बदलतंच, तेव्हा रेंजचंच धनुष्य वापरलेलं बरं. पुढे घ्यायचं झालं तर आधी इंडियन राउंडचं, म्हणजे देशातल्या स्पर्धांमध्ये चालणारं साधं बांबूचं धनुष्य घ्या. आयात रिकर्व्हचा पूर्ण संच लाखाच्या पुढे सहज जातो, तो खर्च मुलगी टिकते आहे हे दिसल्यावर करावा.

मुलीला घरून एक गोष्ट मात्र पक्की शिकवून न्या: बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बघायला आलेल्या भावंडांनाही सांगा. बाण असला की दोरीचा जोर बाणात जातो. नसला की तो धनुष्याच्या पात्यांत परततो आणि पाती फुटतात, तुकडे तोंडावर येतात. आणि दुसऱ्याच्या धनुष्याला विचारल्याशिवाय हात नाही. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी मारण्याआधी दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवून बघायचा. कटकट आवाज आला किंवा चीर दिसली तर तो बाण तिथेच बाजूला ठेवायचा. तडकलेला बाण सुटताना फुटतो आणि धनुष्य धरलेल्या हातात घुसतो.

पुण्याचं विचारलंत. बालेवाडीच्या क्रीडासंकुलासारख्या ठिकाणी सोयी आहेत, स्पर्धा होतात, तिथे एक-दोनदा नेऊन स्पर्धा दाखवाच. पण सातवीतल्या मुलीला आठवड्यातून चार दिवस सराव हवा. तुमच्या गावाहून ते पुण्यात जमणार नाही, आणि या वयात तिला एकटीला तिथे ठेवण्याची गरज नाही. घराजवळची साधी रेंज, रोज येणारा प्रशिक्षक आणि मागे मातीचा बांध एवढं असेल तर दोन-तीन वर्षं तिला दुसरीकडे कुठे जायला लागू नये. मागचा बांध नसेल, तर मात्र आधी तुम्ही चार पालक मिळून माती टाकून उंच बांध घालून घ्या, शेतमालकाला विचारून. मग मुलीला न्या.